फळा नसलेली शाळा

हॉटेल व्यवसायाचं शिक्षण म्हटलं की मुंबईकरांना दादरचं केटरिंग कॉलेज आठवतं. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं 1954 मध्ये ही संस्था सुरू झाली. आपल्या देशातली ही या विषयाची पहिली संस्था. पण श्रोतेहो, हे शिक्षण त्याआधीही चालू होतं. आगबोटीवर.

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेची वाट आखूड झाली. मालाबरोबर प्रवासीही वाढले. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातकडचे खलाशी, भट्टीपुढे पंजाबी आणि पठाण, प्रवाशांच्या खाण्यापिण्याच्या खात्यात गोवेकर. गोव्याचे हे ख्रिस्ती लोक गोमांसही शिजवीत, डुकराचंही. साहेबाला ते सोयीचं होतं. माणसाची पारख अशा सोयीनं व्हायची!

बोट मिळेपर्यंत ते धोबीतलावाच्या आसपास 'कुडां'मध्ये राहत. कूड म्हणजे गावाच्या नावाचा क्लब. ओळीनं मांडलेल्या ट्रंका, एका बाजूला देव्हारा, संध्याकाळी प्रार्थना. सफरीहून परतलेला वाढपी आणि पहिल्या बोटीची वाट पाहणारा पोरगा एकाच छपराखाली. अनुभवाला यापेक्षा चांगला वर्ग कुठला?

पदविका त्यांना कुणी दिली नाही. खलाशाच्या वहीत सफर संपल्यावर दोन शेरे पडत, एक कामाबद्दल, एक वर्तणुकीबद्दल. सूप कसं झालं होतं, ते त्यात नसे.