तंजावरचे रुमाल आणि संगणकातला संगणक

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठेशाहीच्या मोडी कागदपत्रांचे हजाराहून अधिक रुमाल आहेत. कागद टिकला, शाई टिकली. वाचणारे मात्र विरळ झाले. शासनव्यवहारात ‘अभिलेख जतन’ म्हणताना आपण कागदाचा विचार करतो, वाचणाऱ्याचा नाही. या उणिवेचे प्रत्यंतर मला तंजावरमधल्याच एका मराठी घरात आले.

त्या घरातील आजोबा मोडी जाणत. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी घरच्या दप्तराचे बाळबोध लिप्यंतर संगणकावर टंकून ठेवले. आज ते नाहीत. नातू मराठी बोलतो, लिहितो तमिळ. देवनागरी अडखळत वाचतो. आजोबांच्या फायली नव्या संगणकावर उघडल्या की निव्वळ रोमन चिन्हांची खिचडी दिसे. त्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, हे त्या-त्या फाँटवर अवलंबून. मूळ प्रोग्रॅम १६ बिटचा, आणि ६४ बिटच्या विंडोजवर असे प्रोग्रॅम चालत नाहीत.

उपाय होता व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकात दुसरा संगणक उभा करण्याचा. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० प्रणाली जाहीर केली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने हीच सोय मेजावरच्या संगणकावर आणली. आम्ही विनामूल्य मिळणारा व्हर्च्युअलबॉक्स निवडला. प्रथम बायॉसमध्ये प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सुविधा सुरू केली. प्रोग्रॅम बसवून नव्या यंत्राला ५१२ एमबी मेमरी आणि १० जीबीची आभासी डिस्क नेमून दिली. मग घरातल्याच जुन्या, परवानाधारक सीडीवरून ३२ बिटची विंडोज एक्सपी चढवली. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१४ मध्ये थांबल्या असल्याने इंटरनेटची जोडणी बंद ठेवली.

यातील मूळ संगणकाला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणतात. पाहुण्याला वाटते, सारे यंत्र आपलेच. प्रत्यक्षात यजमान देईल तेवढेच त्याचे. मला सरफोजी राजांचा दरबार आठवला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि महसुलाचा ठरावीक वाटा उरला. तरी दरबार चालला, दप्तरे मोडीत लिहिली गेली, ग्रंथसंग्रह वाढला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि यजमानाने तेही बंद केले. उरले ते रुमाल.

दुपारी पहिली फाईल उघडली. नातू एकेक अक्षर लावत वाचू लागला; अर्थ त्याची आई सांगत होती. एका लग्नखर्चाच्या यादीपाशी दोघेही थांबले. यादीतली नावे त्यांच्या घरातली होती. दोन फायली मात्र सीडी खराब झाल्याने कायमच्या गेल्या. उरलेल्या आम्ही युनिकोडमध्ये उतरवल्या आणि मुद्रितेही काढली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. साठवणुकीचा खर्च एकदा दिसतो आणि मंजूर होतो; वाचनक्षमता राखण्याचा खर्च दरवर्षीचा असतो, म्हणून तो कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, पण संकेतांक मिळाल्याने वाचक तयार होत नाही. त्यासाठी माणसे शिकवावी लागतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: घरातल्या जुन्या फ्लॉपी आणि सीडी आजच काढून पाहा. यंत्र पुन्हा उभे करता येते. आजोबांना विचारायचे राहिलेले मात्र राहूनच जाते.