शून्य म्हणजे सगळं ठीक

मागच्या महिन्यात घोटावड्याला मामांकडे गेलो होतो. मामी म्हणाली, "अरे, जुन्या घराचे फोटो तू कॉम्प्युटरात ठेवलेस ना, दाखव की." माझी बोलतीच बंद! ते कौलारू घर पाडून आता स्लॅबचं झालंय, आणि फोटो माझ्याच स्क्रिप्टने खाल्ले...

झालं असं, की रात्री आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली होती. आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचे, मग मूळचे पुसायचे. ही कामं स्क्रिप्ट स्वतः करत नाही, बाहेरच्या कमांड बोलावून करून घेते. एका रात्री डिस्क भरली, कॉपी फसली, आणि स्क्रिप्टने खुशाल पुसायची कमांड चालवली.

तेव्हापासून या प्रकाराचा इतिहास वाचतोय. १९६३-६४ च्या सुमारास एमआयटीत लुई पूझाँ या फ्रेंच माणसाने 'रनकॉम' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. फाईलमध्ये कमांड लिहून ठेवायच्या, तो त्या एकामागून एक चालवणार. 'शेल' हे नावही त्याचंच. आजच्या 'बॅशआरसी' फाईलच्या नावातलं 'आरसी' म्हणजे हाच रनकॉम!

पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. त्यात 'फोर्क' आला. ही कल्पना बर्कलीहून घेतलेली. चालू प्रोग्रॅम स्वतःचीच एक प्रत काढतो, ती प्रत बाहेरची कमांड बनून कामाला लागते, आणि मूळ प्रोग्रॅम तिची वाट बघत थांबतो. रिचीने लिहून ठेवलंय, की पीडीपी-७ वर फोर्कला असेंब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या.

काम संपलं की कमांड एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरं काहीही म्हणजे गडबड. यश एकाच प्रकारचं, अपयशाच्या तऱ्हा अनेक, म्हणून हा उलटा हिशोब सोयीचा.

१९७९ च्या सातव्या युनिक्ससोबत स्टीफन बोर्नचा शेल आला. त्यात दोन कमांडींच्या मध्ये && लिहिलं, की पहिली शून्य देऊन परतली तरच दुसरी चालते. म्हणजे माझ्या चुकीवरचा इलाज कित्येक वर्षं तयारच होता. कॉपीच्या कमांडने इमानदारीत 'जमलं नाही' असं सांगितलंही होतं. मीच विचारलं नव्हतं.

असो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मित्रांनो, पुसण्याआधी तो आकडा बघत जा. आणि नातेवाईक मंडळी, घोटावड्याच्या त्या घराचा एखादा फोटो कुणाकडे असेल, ओटीवरचा, लग्नातला, कसलाही, तर कृपया पाठवा. मामीला अजून खरं सांगितलेलं नाही.