परसातील फळ्यांची चळत



आपल्या पूर्वजांची नावे इतिहासाने क्वचितच टिपून ठेवली आहेत. त्यांतील एक कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. तेथील ब्राह्मी लेखात धेनुकाकटचा 'वढकी', म्हणजे सुतार, वेणुवासाचा पुत्र सामि याने द्वाराचे काम केल्याची नोंद आहे. त्याच चैत्यगृहाच्या दगडी छताखाली लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे उभ्या आहेत. त्या पाहिल्या की मनात प्रश्न येतो, लाकूड इतके टिकते तरी कसे? ऊन-पावसापासून आडोसा आणि खेळती हवा, हे त्याचे पहिले उत्तर होय. आणि याच दोन गोष्टी आपल्या वाडवडिलांच्या परसात पिढ्यानपिढ्या सांभाळल्या जात होत्या.

ओले लाकूड म्हणजे पाण्याने भरलेले लाकूड. प्रथम पोकळ्यांतील पाणी निघून जाते, तोवर आकार फारसा बदलत नाही. ओलावा शेकडा तीसच्या आसपास उतरला की तंतूंतील पाणी आटू लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. वर्षवलयांच्या कडेने ते गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या सुमारे दुप्पट असते. फळीला बाक येतो तो यामुळेच. टोकांकडून पाणी सर्वांत लवकर निघते, म्हणून चिराही तेथेच प्रथम पडतात.

शास्त्राची ही भाषा आमच्या आजोबांस ठाऊक नव्हती. परंतु टोकांना शेणमातीचा लेप द्यावा, हे त्यांस पक्के ठाऊक होते. चळतीखाली ते दगड मांडीत, म्हणजे जमिनीची ओल व वाळवी दूर राही. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर बसवीत. ती चुकली तर भाराने फळी वाकते. वर पेंढ्याचे छप्पर असे, बाजू मात्र मोकळ्या. गाडीच्या चाकांसाठी बाभळीचे ओंडके पाण्यात बुडवून ठेवण्याची चालही देशावर होती. त्याने लाकडातील रस निघून कीड लागण्याचे भय कमी होते.

या धीराची थोरवी समुद्रापारही पोहोचली. मलबार व ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याची साल गोलाकार कापून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवीत, कारण ओला साग नदीतून वाहून आणणे कठीण. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली १८१७ साली सागवानी 'त्रिंकोमाली' जहाज पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे.

आता आमची एक चूक सांगितली पाहिजे. एका वर्षी लग्नघरची घाई म्हणून श्रावणात आम्ही अर्धओल्या आंब्याच्या फळ्यांचे दार करून दिले. चैत्र येईतो फळ्यांचे सांधे उघडले आणि दार पिळले. यजमानांनी एक शब्दही सुनावला नाही; पुढच्या कामास मात्र त्यांनी दुसऱ्या सुतारास बोलाविले. ते मौन आम्हांस आजही बोचते. आजोबांची चळत परसात होती. आम्हांलाच थांबावयास सवड नव्हती.

देहरादूनला १९०६ साली स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेने लाकूड सुकविण्याचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि आज भट्टीत वाळविलेले लाकूड विकत मिळते. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु भट्टीतले लाकूडही कोकणच्या पावसाळ्यात ओल पिते आणि देशावरच्या वैशाखात ती सोडून देते. म्हणून ज्या घरात बसवावयाचे, तेथील हवेत ते काही दिवस पट्ट्यांवर ठेवणे अगत्याचेच आहे.

आपल्यापैकी अनेकांची परसे गेली, मुले शहरांत सदनिकांत राहू लागली. तरी ज्यांच्या दारी एखादी पडवी उरली असेल, त्यांनी तेथे चार फळ्या रचून ठेवाव्यात, आणि मुलास हाताशी घेऊन पट्ट्या मांडावयास शिकवावे. त्या फळ्यांचे दार कदाचित त्याच्याच हातून होईल. सामि वढकीचे नाव दगडावर राहिले. आपले नाव दाराच्या न उघडणाऱ्या सांध्यात राहिले तरी पुष्कळ झाले.