क्लोरोफॉर्म आणि शेजारचे हैदराबाद

मंडळी, नळदुर्ग, तुळजापूर ही आपल्या सोलापूरच्या शेजारची गावे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८-८९ साली एका द्रवावरून मोठा वाद रंगला. त्याची हकीकत आज सांगतो.

द्रवाचे नाव क्लोरोफॉर्म. दिसायला पाण्यासारखा, पण पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, वास गोडसर. ६१ अंश सेल्सिअसला तो उकळतो, म्हणून बूच उघडे राहिले की भराभर उडून जातो. तेल, चरबी, मेण त्यात सहज विरघळते. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या डॉक्टर सिम्प्सननी त्याची वाफ हुंगवून भूल देता येते हे दाखविले. त्याआधी रोग्याला चौघांनी दाबून धरायचे आणि वैद्याने कापायचे, असा प्रकार! पण जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी, पायाचे नख काढताना, भुलीतच दगावली. मग प्रश्न पडला, आधी श्वास थांबतो की हृदय?

हैदराबादचे डॉक्टर एडवर्ड लॉरी म्हणत, "श्वास सांभाळा, हृदयाला भय नाही." लंडनच्या डॉक्टरांना हे पटेना. तेव्हा निजामाने पैसा दिला आणि 'लॅन्सेट' या नियतकालिकाने डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना इकडे धाडले. शेकडो कुत्र्या-माकडांवर प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही बरं का! १९११ साली लेव्ही या संशोधकाने दाखविले की, भूल हलकी असतानाही हृदय एकाएकी फडफडून बंद पडू शकते. श्वासावर नजर ठेवा, हा लॉरींचा आग्रह योग्यच होता. हृदयाविषयीची त्यांची खात्री मात्र चुकीची ठरली. त्या खात्रीपायी किती रोगी गेले असतील, कोण सांगणार? शिवाय हा द्रव यकृतालाही अपाय करतो. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि भुलीसाठी त्याचा वापर मागे पडला. आज तो प्रयोगशाळांत आणि रसायनांच्या कारखान्यांत कच्चा माल म्हणून लागतो.

हवा आणि उजेड लागला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो. म्हणून तो तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवतात. सिनेमात रुमाल नाकाशी धरताच माणूस कोसळतो, ते खोटे. त्याला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात जीवही जाऊ शकतो.

शिक्षकमित्रहो, शाळेच्या कपाटात अशी जुनी बाटली असेल, तर मुलांना हुंगू देऊ नका. आणि लॉरींची ही हकीकत त्यांना अवश्य सांगा. शेकडो प्रयोग करूनही माणूस चुकतो; म्हणून पुन्हा तपासून पाहायचे असते.