ज्योच्या लग्नाचा सौदा

ग्रेटा गर्विग यांनी लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीवर २०१९ मध्ये चित्रपट केला, तेव्हा त्याच्या शेवटावरून बरीच चर्चा झाली. नायिका ज्यो मार्चचं प्राध्यापक भाएरशी लग्न खरोखर होतं, की ते फक्त तिनं लिहिलेल्या पुस्तकात घडतं, हे चित्रपट ठामपणे सांगत नाही. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादातून मेग, ज्यो, बेथ आणि अ‍ॅमीवर जीव जडलेल्या मराठी वाचकालाही हे खटकू शकतं. ही मूळ कथेची मोडतोड आहे, असं म्हणणं सोपं आहे. पण पुस्तक कसं जन्माला आलं ते पाहिलं, तर उलटंच दिसतं. ज्योचं लग्न हा पहिल्यापासूनच लेखिका आणि बाजार यांच्यातला सौदा होता. हॉलिवूडच्या मोठ्या रूपांतरांपैकी हा सौदा पडद्यावर उघड मांडला तो याच चित्रपटानं.

बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेतले थॉमस नाइल्स यांनी १८६७ मध्ये अल्कॉटकडे मुलींसाठी पुस्तक मागितलं. तिला त्यात फारशी गोडी नव्हती. पण वडील ब्रॉन्सन अल्कॉट यांना तत्त्वचिंतनातून पैसा कधीच मिळाला नव्हता, आणि घर चालवायची जबाबदारी तिनं केव्हाच अंगावर घेतली होती. त्यासाठी शिवणकाम, शिकवण्या, सोबतिणीची नोकरी, सगळं करून झालं होतं. ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानं ती सूड आणि कारस्थानांच्या सनसनाटी कथाही लिहीत असे, कारण त्यांचे पैसे रोख मिळत. शिवाय वडिलांचं पुस्तकही याच संस्थेकडे होतं, त्यामुळे नकार देणं आणखी अवघड. काँकर्डच्या ऑर्चर्ड हाउसमध्ये, खोलीतल्या दोन खिडक्यांच्या मधे वडिलांनी बसवून दिलेल्या छोट्या मेजावर तिनं १८६८ च्या उन्हाळ्यात पहिला भाग हातावेगळा केला. एकरकमी पैसे घेऊन हक्क विकू नकोस, असा सल्ला नाइल्सनीच दिला. तिनं कॉपीराइट स्वतःकडे ठेवला, आणि त्या एका निर्णयानं पुढे घराचं कर्ज फिटलं. शरदात बाहेर पडलेली दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती बघता बघता संपली. मग वाचक मुलींची पत्रं यायला लागली. प्रश्न एकच, या बहिणींची लग्नं कोणाशी होणार? जन्मभर अविवाहित राहिलेल्या अल्कॉटनं कोणाच्या आग्रहाखातर ज्योला शेजारच्या लॉरीशी बांधायचं नाही, असं रोजनिशीत ठरवून टाकलं. ज्यो खरं तर अविवाहित लेखिकाच राहायला हवी होती, पण पुरता नकार द्यायची हिंमत झाली नाही म्हणून आपण तिची एक विचित्र जोडी जमवून दिली, अशी कबुली तिनं मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात दिली आहे. १८६९ च्या दुसऱ्या भागात छत्रीखाली मागणी घालणारा, चाळिशीचा, गरीब जर्मन प्राध्यापक आला तो असा.

पडद्यानं ही तडजोड दीर्घकाळ लपवली. १९१७ आणि १९१८ चे मूकपट आज उपलब्ध नाहीत. महामंदीच्या काळातला जॉर्ज क्युकर यांचा १९३३ चा चित्रपट कॅथरिन हेपबर्नच्या धसमुसळ्या ज्योमुळे गाजला. १९४९ मध्ये मर्विन लरॉय यांनी तीच गोष्ट रंगीत केली, आणि भाएरच्या भूमिकेत देखणा रॉसानो ब्रात्सी आणला. १९९४ मध्ये जिलियन आर्मस्ट्राँग यांनी मुलींची आई मार्मी हिच्या तोंडी स्त्रीहक्कांची भाषा दिली. पण त्यांच्याही चित्रपटात ज्योचं हस्तलिखित प्रकाशकाकडे पोचतं ते भाएरच्या मार्फत. म्हणजे अल्कॉटच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा व्यवहार, जो तिनं स्वतः केला, तो पडद्यावर प्रियकराच्या हाती गेला.

गर्विग यांनी तो ज्योला परत दिला. चित्रपट उघडतो तोच संपादक डॅशवूडच्या कचेरीत, ज्यो वीस डॉलरला कथा विकते तिथं. नायिका शेवटी एक तर विवाहित हवी किंवा मेलेली, हे तो तिला तिथंच बजावतो. अखेरीस ज्यो त्याच्यासमोर बसून रॉयल्टी ६.६ टक्क्यांपर्यंत ओढून नेते, आपल्या नायिकेच्या लग्नाच्या बदल्यात हे पैसे मोजून घेते आणि कॉपीराइट देत नाही. अल्कॉटची प्रत्यक्ष रॉयल्टीही जवळपास तेवढीच होती. त्यानंतर खिळे जुळवले जातात, कागद छापून शिवले जातात, तांबड्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटतात, आणि काचेपलीकडून ज्यो हे सारं पाहत असते. छत्रीखालचं चुंबनही चित्रपटात आहे, पण त्याच्याइतकाच मान इथं छापखान्याला मिळतो.

या चित्रपटानं आजची मतं जुन्या काळावर लादली, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण एका जागी तो खरा आहे. स्त्रीनं मिळवलेला पैसा लग्न होताच नवऱ्याचा होतो, असं अ‍ॅमी सांगते. पण तिच्या मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहितेला स्वतःची मालमत्ता आणि मिळकत राखू देणारा कायदा १८५५ मध्येच झाला होता. तिचं वाक्य कायदा म्हणून ढोबळ आहे. तरी कायद्यात हक्क असणं वेगळं आणि बाईला पुरेशी कमाई करता येणं वेगळं. अल्कॉटची वर्षानुवर्षांची ओढाताण या दुसऱ्या गोष्टीचाच पुरावा आहे. दुसरा आक्षेप असा, की लेखिकेनं छापलं तेच प्रमाण मानावं. शिवाय १८८६ च्या ‘जोज बॉइज’मध्ये विवाहित ज्यो नामवंत लेखिका झालेली दिसते, मग लग्नानं तिचं काय गेलं? पण तिथवर यायला सतरा वर्षं जावी लागली. १८६९ च्या शेवटी ज्यो मुलांची शाळा चालवते आणि चांगलं पुस्तक लिहिण्याची आशा पुढे ढकलते. छापलेला मजकूरही अढळ नव्हता. १८८० च्या आवृत्तीत मुलींची बोलभाषा सौम्य केली गेली, आणि स्थूल मार्मी उंच झाली. प्रत्येक पिढीच्या ग्राहकाला रुचेल असं हे पुस्तक घडवण्याची रीत चित्रपटांच्या आधीची आहे.

म्हणूनच रूपांतराची निष्ठा केवळ प्रसंग मोजून ठरवता येत नाही. भाएरचं लग्न जसंच्या तसं दाखवणारा चित्रपट वाचकांच्या मागणीशी इमान राखतो. गर्विग यांचा चित्रपट ती मागणी पुरवतो आणि तिची किंमत कोणी, किती चुकवली तेही दाखवतो. लेखणीवर घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब कथेच्या मध्यभागी आणून त्यानं अल्कॉटला तिच्याच पुस्तकात तिची हक्काची जागा दिली आहे, आणि माझ्या मते कादंबरीशी याहून मोठं इमान कोणत्याच रूपांतरानं राखलेलं नाही.