अडगाव ते आरापिलेस

पीएचडीच्या कामासाठी काही महिने स्पेनमध्ये, सालामांकात आहे. आठवडाभर लॅब, शनिवार-रविवार भटकंती. परवा शहराच्या दक्षिणेला आरापिलेसच्या टेकडीवर चढलो. २२ जुलै १८१२ ला इथं वेलिंग्टननं फ्रेंचांना हरवलं. मार्माँची फौज चालता चालता लांबलचक पसरली, मधे फट पडली, यानं नेमका तोच मोका साधला.

वर उभं राहिल्यावर डोक्यात आलं, अरे, हा तर आपला आर्थर वेलस्ली! जेमतेम नऊ वर्षं आधी, २९ नोव्हेंबर १८०३ ला, हाच आपल्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला शिंदे-भोसल्यांशी लढला. तिथं तोफा सुरू होताच याच्याच तीन पलटणी मागे पळाल्या होत्या. स्वतः जाऊन त्यानं त्या सावरल्या. मग १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह! वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, पुढं निजामाला मिळाला.

अडगाववरून एसटीनं मी कितीदा गेलोय. खिडकीतून फक्त कपाशी पाहिली. रात्री बाबांना फोन करून विचारलं, लढाई नेमकी कोणत्या शेतात झाली हो?

"काय माहीत बाप्पा," म्हणाले, "तू आला की जाऊन पाहू."