‘धन्य’ कोणाला म्हणावे?

‘धन्य’ हा शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. कीर्तनात संतांचे नाव घेताना त्यात आदर असतो. घरात कोणी घोटाळा करून ठेवला, की ‘धन्य आहे बाबा तुझी!’ म्हणून आपण हात जोडतो. मराठी बायबलमध्ये हाच शब्द ‘मकारिओस’ या ग्रीक शब्दासाठी आला आहे.

आशीर्वादासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, ‘युलोगिया’. ‘यु’ म्हणजे चांगले आणि ‘लोगोस’ म्हणजे शब्द. वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून द्यावा तो हा आशीर्वाद. ‘मकारिओस’ मात्र देण्याघेण्याची गोष्ट नव्हे, ती माणसाची अवस्था आहे. होमरच्या काव्यात या शब्दाचे जुने रूप देवांना लावलेले दिसते. देवांना ना पोटाची चिंता, ना मरणाची. पुढे सुखवस्तू, भाग्यवान माणसांनाही लोक तो शब्द लावू लागले.

मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशूच्या तोंडी हा शब्द ओळीने नऊ वेळा येतो. पण कोणासाठी? दीनांसाठी, शोक करणाऱ्यांसाठी, सौम्य स्वभावाच्या आणि छळ सोसणाऱ्या माणसांसाठी. मत्तय ‘आत्म्याने दीन’ म्हणतो, तर लूक सरळ गरिबांनाच धन्य ठरवतो. तेथे मूळ शब्द आहे ‘प्तोखोस’, म्हणजे अगदी कंगाल, हात पसरून जगणारा. देवांचे विशेषण भिकाऱ्याला लागले!

मराठीत या उलटापालटीला आणखी धार येते. ‘धन्य’ शब्दाच्या पोटातच ‘धन’ आहे. ज्याच्यापाशी धन नाही, तोच धन्य!

विल्यम केरी आणि त्यांच्या पंडितांनी तयार केलेला मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये निघाला. पुढे पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या साध्या बायकांना कळेल असे बायबल त्यांना हवे होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९२२ मध्ये त्या गेल्या. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर पडले, ते तिथल्याच स्त्रियांनी छापलेले.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला ही उलटापालट परकी वाटू नये. नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. औंढा नागनाथची आख्यायिका घराघरांत ठाऊक आहे. शिंपी म्हणून नामदेवांना देवळापुढून उठवले. ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करू लागले, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले.

दोन्ही धर्म वेगळे, काळ वेगळा, भाषाही वेगळ्या. त्यांना एका मापात बसवण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे. देवाचे तोंड कोणाकडे? ज्याला दारातून उठवले, त्याच्याकडे. ‘धन्य’ म्हणताना एवढे आठवले तरी पुरे.